चोर्ला ते काणकोण: हुर्राकाच्या दिवसांत गोव्याचा डोंगरपट्टा

गोव्यात द्राक्षमळे नाहीत. इथे बाटलीत भरली जाणारी पोर्ट वाइनसुद्धा घाटापलीकडून आलेल्या द्राक्षांची असते. तेव्हा डोंगर, रान आणि दारूचा मुलूख एकाच फेरीत पाहायचा असेल तर काजूच्या, म्हणजे बोंडूच्या (काजूफळाच्या) रसापासून भट्टीत गाळल्या जाणाऱ्या हुर्राक आणि फेणी या दारूंच्या मागे जावे लागते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण हे तालुके त्यासाठी गाठायचे. किनाऱ्यावरचा पर्यटक तिकडे फारसा फिरकत नाही, आणि आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही.

आम्ही ही फेरी तीन दिवसांची, दोन मुक्कामांची करतो. सगळी आखणी एका नियमावर बेतलेली असते: घाट सकाळी, भट्टी दुपारनंतर, आणि मुक्काम भट्टीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. हुर्राकात मद्यार्काचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे बिअरच्या जवळजवळ तिप्पट. लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पिताना ते अजिबात जाणवत नाही. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाची गोष्ट सोडा, सत्तरीच्या रस्त्यांवर संध्याकाळी गवे उतरतात. दोन ग्लास पोटात असताना वळणावर गवा समोर आला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून एकाने चालवायचे आणि बाकीच्यांनी प्यायचे, ही वाटणीही आम्ही करत नाही. भट्टीवर पोचलो की किल्ली खिशातून काढून मुक्कामाच्या घरात ठेवायची, आणि सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही.

वेळ निवडताना कॅलेंडरपेक्षा आभाळ पाहावे. बोंडू फेब्रुवारीअखेर पिकू लागतात आणि भट्ट्या मेपर्यंत पेटत्या असतात. पण मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य हा खरा भर. सुरुवातीला माल थोडा आणि दर चढा असतो, मेमध्ये उकाडा असह्य. अवकाळी पाऊस पडला की दोन-तीन दिवस थांबणे बरे. जमिनीवर पडलेले बोंडू चिघळतात, रस पाणचट होतो आणि भट्टीवाला स्वतःच भट्टी पेटवत नाही. धबधबे आणि हुर्राक एकाच फेरीत मिळत नाहीत हेही आधीच मनाशी पक्के करून घ्यावे. दूधसागर भरून कोसळताना पाहायचा तर पावसाळा सरता सरता कुळेला जीप धरावी; एप्रिलमध्ये तिथे पाण्याच्या बारीक रेघा दिसतात आणि जीपचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

गाडीला फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही, साधी हॅचबॅक पुरते. भाड्याची असेल तर नंबर प्लेट पाहा: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे ही स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची खूण. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. निघायच्या आदल्या संध्याकाळी चार गोष्टी तपासायच्या. टायर गार असताना हवा, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत पूर्ण भाराला जेवढी दिली आहे तेवढी. ब्रेक ऑइलची पातळी आणि रंग; ते चहासारखे काळपट झाले असेल तर बदलून घ्यावे. जुन्या ऑइलात ओलावा मुरलेला असतो, उतारावर ब्रेक तापले की ते उकळते आणि पेडल पोकळ लागते. कूलंट. आणि स्टेपनीतली हवा, जी कुणीच पाहत नाही. पेट्रोल वाळपई, फोंडा, कुडचडे, चावडी अशा मोठ्या गावांत भरून घ्यावे. मधल्या रानात पंप शोधत बसू नये. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावा. घाटात रेंज जाते, आणि नेत्रावळीच्या आत तर ती आली तरच नवल.

पहिल्या दिवशी पणजीहून सहाला निघायचे, डिचोलीवरून साखळी. साखळीत पातळ भाजी, उंडे (गोव्याचे पाव), मिरची आणि चहा. यानंतर बरा नाश्ता मिळेलच असे नाही, म्हणून इथे घाई नको. पुढे केरी. केरीच्या पुढे अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागते आणि तिथून चोर्ला घाट चढायला लागतो. हा रस्ता पुढे कणकुंबी, जांबोटीवरून बेळगावला जातो, त्यामुळे भाजीचे टेम्पो, बस, ट्रक अशी वर्दळ पहाटेपासून असते. आठच्या आत घाट धरला तर ऊन पाठीवर येत नाही, आणि बेळगावकडून उतरणाऱ्या गाड्यांचा लोंढाही सुरू झालेला नसतो.

घाट चालवण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण भाड्याच्या गाड्यांतून इथे सर्वांत जास्त वास येतो तो जळक्या ब्रेकचा. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचे. चढताना गाडी दुसऱ्यात ओढत असेल तर उतरतानाही दुसराच. इंजिन गुरगुरते म्हणून घाबरून तिसरा टाकू नये, ते गुरगुरणेच गाडी धरून ठेवत असते. ब्रेक सारखा दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी एकदा नीट दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा, म्हणजे डिस्कला वारा लागतो. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये ठेवून घाट उतरणारे बरेच दिसतात, त्यात ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड असतो तो याचसाठी. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवणे हा खुळचटपणा आहे. इंजिनाचा आधार सुटतो, आणि आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये पाय उचलून उतरताना तसेही पेट्रोल जवळपास घेतच नाहीत.

जळका वास आलाच तर रुंद जागा पाहून थांबावे, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाखाली दगड लावावा आणि अर्धा तास तिला तशीच सोडावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरते. निघताना दगड काढून बाजूला टाकायचा. रस्त्यात सोडलेला दगड मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतो. चढणाऱ्या गाडीचा मान पहिला, हा नियम आहे. अरुंद जागी उतरणाऱ्याने थांबून वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा. धुके असेल तर खालचा झोत लावायचा. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवण्याची जी टूम निघाली आहे तिने मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय तेच कळत नाही.

वर सुर्ल हे गोव्याचेच गाव, हवा खालच्यापेक्षा चांगलीच गार. इथून म्हादईच्या खोऱ्याकडे नजर टाकली की सत्तरीचा आकार कळतो: एका मागे एक उतरत गेलेल्या डोंगरसोंडा आणि मधून कर्नाटकातून खाली आलेली, पुढे पणजीजवळ मांडवी म्हणवणारी नदी. या खोऱ्यातले 208 चौरस किलोमीटरचे रान 1999 साली म्हादई अभयारण्य झाले. मार्च-एप्रिलमध्ये हे रान कोरडे ठणठणीत असते. 2023च्या मार्चमध्ये इथे लागलेले वणवे दिवसचे दिवस धुमसत होते. म्हणून रस्त्याकडेला सिगारेट नको, चूल नको, आणि वाळक्या पाचोळ्यावर गाडी उभी करणेही नको. सायलेन्सर तापलेला असतो, पाचोळा त्याला टेकलेला असतो, आणि वर आपण फोटो काढत असतो. वनखात्याची परवानगी नसताना आतल्या पायवाटांनी उतरू नये. पुढे कर्नाटकात जाण्यात या फेरीपुरता काही अर्थ नाही. त्याच रस्त्याने परत खाली यावे आणि दहापर्यंत होंडामार्गे वाळपईची वाट धरावी.

सत्तरीत काजूच्या बागांत शिरण्याआधी माकडतापाबद्दल. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातला हा आजार 2015 साली सत्तरीत पाळी गावात दिसला आणि नंतरच्या हंगामांत आसपास पसरला. तो गोचिडीतून येतो, आणि त्याचा मोसम व काजूचा मोसम एकच. बागेत पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोज्यात खोचलेली पँट घालावी, पाचोळ्यावर बसू नये, माकड मेलेले दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. मुक्कामी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, काखा-जांघा तपासाव्यात. नंतरच्या आठवडाभरात ताप चढला तर डॉक्टरला सत्तरीच्या काजूबागेत जाऊन आलो हे आधी सांगावे. भट्टीचे कौतुक ऐकवणारे पुष्कळ भेटतात, हे सांगणारे मात्र क्वचित.

आता भट्टी. काजूचे पट्टे अबकारी खाते दर हंगामात लिलावाने देते. भट्टी परवान्याची आहे ना एवढे मुक्कामाच्या घरमालकाला विचारले की पुरते, गावात सगळ्यांना ठाऊक असते. फोन करून जावे. दुपारी तीन-चारला पोचलात तर गाळप आणि गाळणी दोन्ही एकाच फेऱ्यात पाहायला मिळतात.

बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पडलेलेच गोळा करतात. तोडलेला कच्चा राहतो आणि रसात तुरटपणा उतरतो. बी पिळून वेगळी काढायची. इथे हयगय झाली तर माल बिघडतो, कारण बियांच्या टरफलातले तेल जहाल असते. चिरडलेल्या दोन-चार बियाही रसाला चव लावतात. मग बोंडू कोळंबीत, म्हणजे खडकात कोरलेल्या उथळ हौदात, पायांनी तुडवायचे. आता बऱ्याच ठिकाणी गमबूट किंवा यंत्र आले आहे. तुडवून झालेल्या चोथ्याचा ढीग रचतात, वेलीने घट्ट आवळतात आणि वर जड धोंडा ठेवतात. त्यातून थेंब थेंब गळतो तो निरो. तो बाकीच्या रसापेक्षा स्वच्छ, फिका आणि गोड असतो. दारू न पिणाऱ्याला द्यायचा तो हाच, पण ताजा आणि गार. “निरो आसा?” असे विचारले की पेला पुढे येतो. सकाळचा निरो दुपारी आंबू लागतो. आणखी एक: निरोची बाटली गच्च बूच लावून तापलेल्या गाडीत कधी ठेवू नका, ती फुगते आणि फुटते. बूच सैल ठेवा, बाटली उभी ठेवा.

उरलेला रस पिंपात दोन-तीन दिवस आंबतो. खमीर घालत नाहीत, फळावरचे आणि हवेतलेच काम करते. फेस बसला, बुडबुडे थांबले की तो भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, भरतात. भाण पूर्वी मातीचे असे, आता बहुतेक तांब्याचे. झाकणाची सांध वारुळाच्या मातीने लिंपतात. ही माती तापल्यावर तडकत नाही म्हणून तीच लागते. सांध फुटली तर वाफ बाहेर जाते आणि जळाऊ लाकडाचे पैसेही तिच्याबरोबर जातात. वाफ नळीतून थंड व्हायला जाते. जुन्या पद्धतीत पाण्यात बुडवलेल्या लावणी नावाच्या मडक्यात, नव्यात टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून. खालच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. धार दोऱ्याएवढी, अखंड आणि निवळशंख हवी. ती जाड होऊन उड्या मारू लागली तर जाळ जास्त झाला आहे. आत रस फसफसून नळीत चढतो आणि हुर्राक गढूळ उतरतो. तेव्हा भट्टीवाला न बोलता दोन लाकडे मागे ओढतो. टाकीतले पाणी कोमट झाले की तेही बदलावे लागते, नाहीतर वाफ नीट निवत नाही आणि हाती येणाऱ्या मालाला चटका लागल्याचा वास येतो. बुडाशी चोथा राहून करपला तरी तोच वास. असा हुर्राक लिमकात झाकला जातो, म्हणून पहिला घोट कोरा घ्यावा.

हुर्राक ही पहिली धार. त्यात पुन्हा आंबवलेला रस मिसळून गाळला की फेणी, बाटलीवर सहसा 42.8 टक्के लिहिलेली. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. फेणी वर्षानुवर्षे टिकते, हुर्राकाचे तसे नाही. तो हंगामातच प्यावा. पावसाळ्यापर्यंत ठेवलेल्या बाटलीत वास उडतो आणि चव पडते. फेणीचा एक थेंब तळहातावर चोळून वास घ्यायची पद्धत भट्टीवर सगळीकडे आहे. मद्यार्क उडून गेल्यावरही मागे बोंडूचा वास राहिला तर माल बरा. नुसता स्पिरिटचा भपका येऊन हात कोरडा झाला तर घेऊ नये. बाटल्या गोव्याबाहेर न्यायच्या असतील तर अबकारी परवाना आधी काढावा. अनमोड आणि चोर्ला या दोन्ही घाटांतल्या नाक्यांवर तपासणी होते आणि तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो.

शिगम्याचे दिवस असतील तर सत्तरीतल्या गावांत संध्याकाळी रोमटाच्या मिरवणुकीमुळे किंवा घोडेमोडणीच्या नाचामुळे रस्ता अडतो. गाडी गावाबाहेर लावून चालत जावे. याला अडचण म्हणू नये, बघायलाच जावे.

दुसरा दिवस चालवण्याचा. होंड्याहून पिसुर्ले, तिस्क-उसगाव आणि पुढे धारबांदोडा, मोले. पिसुर्ल्याचा पट्टा खाणींचा; खनिजाचे ट्रक सुरू असतील तर अंतर ठेवा आणि रस्त्याच्या कडेवर चाक घालू नका. जांभ्याचा लाल खडा डांबरावर पसरलेला असतो आणि त्यावर ब्रेक मारला तर चाक गोट्यांवर ठेवल्यासारखे सरकते. मोल्याहून डावीकडे तांबडी सुर्लाचा फाटा, सुमारे बारा-तेरा किलोमीटर. कदंबकाळातले हे महादेवाचे देऊळ बसाल्टचे आहे, आणि गोव्याच्या जांभ्याच्या मुलखात तो काळा दगड पाहूनच नवल वाटते. देऊळ लहान, तोंड पूर्वेला, शेजारी ओढा. सकाळी नऊच्या आत पोचलात तर गाभाऱ्याशेजारची जाळीची नक्षी बाजूच्या प्रकाशात स्वच्छ दिसते. आठवड्याच्या शेवटी अकराला सहलीच्या बसेस येतात.

बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय वाटेवरच आहे, पण गुरुवारी बंद असते आणि रानात फिरलेल्या माणसाला पिंजऱ्यात फारसे पाहण्यासारखे उरत नाही. सोडून द्यावे. कुळे, सावर्डे, सांगे करत दुपारपर्यंत साळावली धरण आणि संध्याकाळच्या आत नेत्रावळी. साळावलीचा गोल सांडवा भरून वाहतो तो पावसाळ्यात. आता फक्त त्याची रचना पाहायची.

नेत्रावळीत कुळागरात राहण्याची सोय होते आणि ती आधी ठरवून यावी. सुपारी, मिरीचे वेल, जायफळ, केळी, मधून पाटाचे पाणी. बाहेर अडतीस अंश असले तरी आत उकाडा निम्म्यावर येतो. जेवण घरचे असते: उकड्या तांदळाचा भात, खतखते, आंब्याचे सासव, सोलकढी. इथेही भट्टी जवळपास असते. पण पहिल्या दिवशी पाहिली असेल तर दुसऱ्या दिवशी नुसती बसून राहायची सवड घ्यावी.

तिसऱ्या सकाळी सावरी धबधबा, शेवटचा टप्पा पायी, पाणी बारीक पण डोहापुरते. मग गोपीनाथाच्या देवळाकडची बुडबुड्यांची तळी. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात असे सगळेच सांगतात. टाळ्या न वाजवता दहा मिनिटे उभे राहा, तरीही ते येतच असतात. पुढे रिवण आणि उसगाळीमळची कातळशिल्पे. कुशावतीच्या काठावरच्या जांभ्याच्या सड्यावर कोरलेले बैल, हरणे, माणसे आणि एक मोठे चक्रव्यूहासारखे वर्तुळ, जगाच्या नजरेस आले ते 1993 साली. भर दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर असले की कोरीव रेषांना सावली पडत नाही आणि सडा कोरा वाटतो. नऊच्या आत किंवा चारनंतर रेषा उठून दिसतात. अनवाणी चालायचा आग्रह नको, सडा तापतो, पण शिल्पांवर बूट ठेवू नये एवढे पाळावे.

नेत्रावळीहून थेट काणकोणला जाणाऱ्या रानवाटा फोनवर दिसतात. त्या धरू नका; हॅचबॅक पोट घासते आणि अडकलात तर मदतीला रेंज नसते. केपे, बाळ्ळीवरून महामार्ग 66 गाठावा आणि करमल घाट उतरून चावडीला यावे. करमल घाट चोर्ल्याहून लहान, पण अवजड वाहने अधिक. इथे ट्रकच्या मागे राहून वळणे काढणे शहाणपणाचे, मारून पुढे गेलात तरी पुढच्या वळणावर दुसरा ट्रक असतोच.

चावडीहून पैंगीणच्या दिशेने खोतीगाव अभयारण्य. गेटवर नोंद करून प्रवेश, आत झाडावरचा मनोरा, पाणवठा. एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर मनोऱ्यावर गप्प बसले तर गवे, सांबर दिसायची शक्यता बरी, पण गेट बंद व्हायची वेळ आत शिरतानाच विचारून घ्यावी. परतीला करमल घाट उजेडी पार करायचा असेल तर पाच वाजता मनोरा सोडावा लागतो. तसे जमत नसेल तर रात्र काणकोणातच काढावी.